क्लासिक मोटारींमधील बॅटरी प्रभारणाचे दोषनिदान

क्लासिक मोटारींमधील बॅटरी प्रभारणाचे दोषनिदान म्हणजे जुन्या मोटारगाडीची बॅटरी वारंवार उतरणे, ती पूर्ण न भरणे किंवा प्रमाणापेक्षा जास्त भरली जाणे, यांमागील मूळ कारण क्रमवार मोजमापांनी शोधून काढण्याची प्रक्रिया होय. प्रभारण, म्हणजेच चार्जिंग, हे कोणत्याही एका भागाचे काम नसते. बॅटरी, जनित्र, नियंत्रक, वाहक तारा आणि मोटारीचा धातूचा सांगाडा यांचे मिळून एक बंद विद्युत मंडल बनते. त्यातील कोणत्याही कड्यात बिघाड झाला तरी वाहनचालकाला दिसणारे लक्षण बहुधा एकच असते : सकाळी मोटार सुरू होत नाही. त्यामुळे लक्षणावरून थेट भाग बदलणे ही या क्षेत्रातील सर्वाधिक आढळणारी चूक मानली जाते. जुन्या मोटारीचे मूळ भाग दुर्मिळ असल्याने ही चूक महागही पडते.

हा लेख मुख्यतः डायनॅमो असलेल्या १२ व्होल्टच्या मोटारींविषयी आहे. उदाहरणांसाठी १९५० आणि १९६०च्या दशकांतील ब्रिटिश मोटारींत सर्रास आढळणारी ल्युकास कंपनीची यंत्रणा घेतली आहे. अल्टरनेटर असलेल्या मोटारींतील फरक स्वतंत्र विभागात दिले आहेत.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या मोटारी हाताने दांडा फिरवून सुरू कराव्या लागत. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विजेवर चालणारी स्टार्टर यंत्रणा कॅडिलॅक कंपनीने १९१२च्या मोटारींत बसवली आणि त्यानंतर बॅटरी हा मोटारीचा अविभाज्य भाग झाला. बॅटरीतून खर्च झालेली वीज भरून काढण्यासाठी इंजिनावर पट्ट्याने फिरणारा डायनॅमो वापरात आला. डायनॅमो एकदिश विद्युतप्रवाह निर्माण करतो. १९६०मध्ये क्रायस्लर कंपनीने व्हॅलियंट या मोटारीत अल्टरनेटर बसवला आणि त्या दशकात बहुतेक उत्पादक हळूहळू अल्टरनेटरकडे वळले. ब्रिटनमधील एमजीबी या मोटारीत हा बदल १९६७मध्ये झाला. त्यामुळे क्लासिक म्हणून जपल्या जाणाऱ्या मोटारींमध्ये दोन्ही प्रकारच्या यंत्रणा आढळतात. निदानाला हात घालण्यापूर्वी समोरची यंत्रणा कोणती, हे ठरवणे आवश्यक असते.

प्रभारण मंडलाची रचना

बॅटरी : १२ व्होल्टच्या शिसे-अम्ल बॅटरीत सहा घट एकसरीत जोडलेले असतात व प्रत्येक पूर्ण भरलेला घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. काही जुन्या मोटारींत तीन घटांची ६ व्होल्टची बॅटरी असते. फोक्सवॅगन बीटल ही त्यांतील एक परिचित मोटार असून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बीटलमध्ये १९६७च्या आवृत्तीपासून १२ व्होल्टची यंत्रणा आली.

डायनॅमो : याच्या स्थिर भागात क्षेत्र-कुंडली व फिरत्या भागात आर्मेचर असते. आर्मेचरमध्ये निर्माण होणारी वीज कम्युटेटरवर टेकलेल्या कार्बनच्या ब्रशांमधून बाहेर येते. ल्युकासच्या डायनॅमोवर ‘डी’ व ‘एफ’ अशी दोन अग्रे असतात. ‘डी’ हे मुख्य उत्पादनाचे अग्र, तर ‘एफ’ हे क्षेत्र-कुंडलीचे अग्र होय. ‘डी’ची जाड तार पिवळी, तर ‘एफ’ची बारीक तार पिवळ्यावर हिरवी रेघ असलेली असते. डायनॅमोच्या लोखंडी गाभ्यात उरलेल्या अवशिष्ट चुंबकत्वामुळे तो बाहेरील विजेविना निर्मिती सुरू करू शकतो.

नियंत्रण पेटी : हिच्यात कटआउट व दाबनियंत्रक हे विद्युतचुंबकावर चालणारे दोन स्पर्शक असतात. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा पुरेसा वाढला की कटआउट दोघांना जोडतो आणि इंजिन मंदावले की तोडतो. तो तुटला नाही, तर बॅटरीतील वीज उलट दिशेने डायनॅमोत वाहू लागते. दाबनियंत्रक क्षेत्र-कुंडलीतील प्रवाह कमी-जास्त करून उत्पादन आवरतो. ल्युकासच्या आरबी १०६ या पेटीत हे दोनच भाग असून नंतरच्या आरबी ३४० या पेटीत प्रवाहनियंत्रक हा तिसरा भाग आहे.

इशारादिवा : हा दिवा प्रज्वलन स्विच आणि डायनॅमोचे ‘डी’ अग्र यांच्या मध्ये जोडलेला असतो. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की तो विझतो. म्हणजेच तो प्रत्यक्ष प्रभारणाचे नव्हे, तर दोन बाजूंच्या दाबांतील फरकाचे दर्शन घडवतो. दिवा विझला म्हणजे बॅटरी भरत आहेच, असे समजता येत नाही.

अर्थची बाजू : आधुनिक मोटारींत बॅटरीचे ऋण अग्र सांगाड्याला जोडलेले असते. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश मोटारींत मात्र धन अग्र सांगाड्याला जोडलेले आढळते. बॅटरी बदलताना हे न पाहता अग्रे उलटी जोडली गेल्यास पुढील साऱ्या तपासण्या चुकीच्या निष्कर्षाकडे नेतात.

तपासणीपूर्वीची दक्षता

भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवर गेल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून तपासणी मोकळ्या हवेत केली जाते. बॅटरी सोडवताना सांगाड्याकडील केबल प्रथम काढतात व जोडताना ती शेवटी जोडतात. त्यामुळे पाना चुकून सांगाड्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही. बॅटरीतील द्रवात सल्फ्युरिक अम्ल असल्याने डोळ्यांना संरक्षक चष्मा लावणे, तसेच अंगठ्या व धातूचे घड्याळ काढून ठेवणे इष्ट ठरते. जुन्या मोटारींत फ्यूजची संख्या फार कमी असते आणि प्रभारणाच्या मुख्य तारांवर बहुधा फ्यूज नसतो. परिणामी लघुमंडल झाल्यास तारांचे आवरण पेट घेऊ शकते.

लक्षणे आणि त्यांचे अर्थ

• दिवा इंजिनाच्या सर्व गतींवर प्रखर पेटलेला राहतो : डायनॅमो निर्मिती करत नाही, किंवा त्याची वीज ‘डी’ अग्रापर्यंत पोहोचत नाही. पट्टा तुटला असण्याचीही शक्यता असते. अनेक मोटारींत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, तर बीटलमध्ये इंजिन थंड ठेवणारा पंखा डायनॅमोच्याच आसावर असतो. त्यामुळे अशा मोटारी हा दिवा लागताच थांबवाव्या लागतात.
• दिवा मंद गतीवर विझतो, पण वेग वाढवताच अंधुक पेटतो : कटआउटचे स्पर्शक नीट जुळत नाहीत, किंवा डायनॅमो व बॅटरी यांमधील एखाद्या जोडात रोध वाढला आहे.
• प्रज्वलन बंद केल्यावरही दिवा पेटतो : कटआउटचे स्पर्शक चिकटले आहेत. बॅटरीची वीज डायनॅमोत वाहत असल्याने तारा व आर्मेचर जळू शकतात. अशा वेळी बॅटरीची केबल तत्काळ काढली जाते.
• दिवा मुळीच पेटत नाही : बल्ब गेला आहे, किंवा त्याची तार तुटली आहे. डायनॅमोच्या मोटारीत याने प्रभारण थांबत नाही, मात्र बिघाडाची सूचना मिळेनाशी होते.
• बॅटरीतील पाणी लवकर आटते, दिव्यांचे बल्ब वारंवार जातात : दाबनियंत्रकाची पातळी जास्त आहे, किंवा नियंत्रण पेटीची अर्थची जोडणी सैल आहे.

निदानाचा क्रम

निदानात सोप्या व निश्चित गोष्टींकडून अवघड गोष्टींकडे जाण्याची पद्धत रूढ आहे. प्रत्येक टप्प्यावर एक भाग निर्दोष ठरवूनच पुढे जातात.

१. बॅटरी

सदोष बॅटरी असताना जनित्राच्या कोणत्याही मोजमापाला अर्थ राहत नाही, म्हणून तपासणी बॅटरीपासून सुरू होते. बॅटरी बाहेरील चार्जरवर पूर्ण भरून काही तास तशीच ठेवली जाते आणि मग तिचा दाब मोजला जातो. १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.९च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी, असा ढोबळ हिशेब आहे. नुकत्याच भरलेल्या बॅटरीवर काही काळ फसवा वाढीव दाब दिसतो.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व पाहणे अधिक विश्वसनीय असते. समशीतोष्ण हवामानात पूर्ण भरलेल्या घटात ते सुमारे १.२७ ते १.२९ असते. उष्ण प्रदेशांसाठी ल्युकासने अम्लाची तीव्रता कमी ठेवण्याची शिफारस केली होती. तेथे पूर्ण भरलेल्या घटाचे वाचन १.२१ ते १.२३ एवढेच असते. ज्या हवामानासाठी बॅटरी भरली आहे ते न पाहता वाचन घेतल्यास चांगली बॅटरी निकामी ठरवली जाण्याचा संभव असतो. शिवाय तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की वाचन सुमारे ०.००७ने घटते. घटाघटांमधील फरक ०.०५०हून अधिक असेल, तर कमी वाचनाचा घट सदोष समजतात.

शेवटची चाचणी भाराखाली घेतात. स्टार्टर फिरत असताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल, तर बॅटरीची क्षमता संपत आली आहे, किंवा स्टार्टर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत आहे.

२. पट्टा, जोड आणि अर्थ

पट्टा ढिला असल्यास पुलीवर घसरतो. सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १३ मिलिमीटर दबावा. याहून अधिक ताणल्यास डायनॅमो व पाण्याचा पंप यांचे बेअरिंग लवकर झिजतात.

बॅटरीच्या अग्रांवर साचलेले पांढरट-हिरवट क्षार, गंजलेले बोल्ट आणि आवरणाखाली तुटलेले तारांचे धागे डोळ्यांना नेहमी दिसतातच असे नाही. त्यासाठी दाबपतन मोजतात. इंजिन वेगात व दिवे चालू असताना व्होल्टमीटरची एक तार डायनॅमोच्या ‘डी’ अग्राला व दुसरी बॅटरीच्या जिवंत अग्राला लावली जाते. फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा कमी असल्यास मार्ग ठीक समजतात. डायनॅमोचे कवच व बॅटरीचे अर्थकडील अग्र यांमध्ये तो ०.२ व्होल्टहून अधिक नसावा. नव्याने रंगवलेल्या मोटारीत सांगाडा व इंजिन यांमधील स्पर्शाच्या जागीच रंग बसल्याने अर्थ तुटतो. जीर्णोद्धारानंतर लगेच उद्भवणाऱ्या तक्रारींमागे पुष्कळदा हेच कारण असते.

३. डायनॅमो

डायनॅमो गाडीवरून न काढता तपासता येतो. ‘डी’ व ‘एफ’ या दोन्ही तारा सोडवून ही दोन अग्रे छोट्या तारेने एकमेकांना जोडतात आणि ती जोडणी व डायनॅमोचे कवच यांमध्ये व्होल्टमीटर लावतात. यामुळे नियंत्रण पेटी वगळली जाते. इंजिन सुरू करून गती सावकाश वाढवल्यावर दाब न डळमळता झपाट्याने चढला पाहिजे. नियंत्रण नसल्यामुळे दाब २० व्होल्टच्या पुढे जाऊ देत नाहीत. मिनिटाला सुमारे १,००० फेरे एवढी गती चाचणीला पुरते.

वाचनावरून दोषाची जागा कळते. काहीच वाचन नसेल, तर ब्रश झिजलेले, अडकलेले किंवा कम्युटेटरवर न टेकणारे असतात. अर्धा ते एक व्होल्ट मिळत असल्यास क्षेत्र-कुंडली सदोष असण्याचा संभव असतो, कारण हा दाब केवळ अवशिष्ट चुंबकत्वाचा असतो. चार ते पाच व्होल्ट मिळाल्यास आर्मेचरच्या वेटोळ्यांत बिघाड संभवतो. ल्युकासच्या सी ४० डायनॅमोच्या क्षेत्र-कुंडलीचा रोध सुमारे ६ ओहम असतो, त्यामुळे तो मोजूनही पडताळा घेता येतो. मळलेला कम्युटेटर पेट्रोलने ओलसर केलेल्या फडक्याने, आणि गरज पडल्यास बारीक काचकागदाने स्वच्छ करतात.

डायनॅमो योग्य ठरल्यावर तारा पूर्ववत जोडून नियंत्रण पेटीकडील टोकांवर हीच चाचणी पुन्हा घेतात. येथे दाब मिळाला नाही, तर दोष मधल्या तारांत आहे हे निश्चित होते.

४. नियंत्रण पेटी

आरबी १०६ पेटीत कटआउट १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जुळला पाहिजे. दाबनियंत्रकाची पातळी भाररहित अवस्थेत तपासतात. त्यासाठी ‘ए’ व ‘ए १’ या अग्रांवरील तारा काढून एकमेकींना जोडतात आणि ‘डी’ व ‘ई’ अग्रांमध्ये व्होल्टमीटर लावतात. इंजिनाची गती वाढवत नेल्यावर वाचन चढून एका पातळीवर स्थिर होते. २० अंश सेल्सिअसला ही पातळी १६.० ते १६.६ व्होल्ट असते, तर ४० अंशांना ती १५.८ ते १६.४ असते.

हा आकडा आधुनिक मोटारींच्या १४ व्होल्टच्या तुलनेत जास्त वाटतो आणि तेथेच पुष्कळांची फसगत होते. या नियंत्रकाची रचनाच अशी आहे, की बॅटरीकडे जाणारा प्रवाह वाढला की दाब आपोआप उतरतो. भाररहित १६ व्होल्टची पातळी ‘दुरुस्त’ करून १४वर आणल्यास प्रत्यक्षात बॅटरी कायम अर्धपोटी राहते. समायोजन अर्ध्या मिनिटाच्या आत पूर्ण करावे लागते, अन्यथा कुंडली तापून वाचन चुकते. आरबी ३४० पेटीचे आकडे वेगळे असल्याने प्रत्येक मोटारीची मूळ दुरुस्ती-पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

५. उभ्या मोटारीतील गळती

प्रभारण योग्य असूनही बॅटरी रात्रीतून उतरत असेल, तर वीज कोठेतरी गळत असते. सर्व स्विच बंद करून बॅटरीची अर्थकडील केबल काढतात आणि मध्ये अँपिअरमापक जोडून प्रवाह पाहतात. घड्याळ सोडल्यास जुन्या मोटारीत वीज खाणारे काहीच नसल्याने हा प्रवाह जवळजवळ शून्य असला पाहिजे. सामानाच्या कप्प्यातील ५ वॅटचा दिवा पेटलेला राहिल्यास तो सुमारे ०.४ अँपिअर घेतो. एवढ्याने ४० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण चार दिवसांत रिकामी होते. एकेक फ्यूज वा तार सोडवत गेल्यावर ज्या क्षणी प्रवाह थांबतो, त्या शाखेत दोष असतो.

दोष नसताना होणारे अपुरे प्रभारण

सर्व भाग निर्दोष असूनही बॅटरी उतरू शकते. सी ४० डायनॅमोच्या एका प्रचलित आवृत्तीचे कमाल उत्पादन २२ अँपिअर असून तेही डायनॅमो मिनिटाला सुमारे २,२५० फेरे घेत असताना मिळते. ४५ वॅटचे दोन मुख्य दिवे ७.५ अँपिअर, मागील व बाजूचे दिवे सुमारे २.५, प्रज्वलन ३ ते ४ आणि वायपर २ ते ३ अँपिअर घेतात. म्हणजे पावसाळी रात्रीची गरज १५ ते १७ अँपिअरपर्यंत जाते. इंजिन मंद गतीवर असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि हा सारा भार बॅटरीवर पडतो. त्यामुळे सिग्नलवर दिवे मंदावणे हा डायनॅमोचा दोष नसून त्याची मर्यादा आहे. अधिक शक्तीचे दिवे किंवा ध्वनियंत्रणा नंतर बसवल्यास हा ताळेबंद कायमचा तुटीत जातो. अशा वेळी नवा डायनॅमो बसवून उपयोग होत नाही. भार कमी करणे किंवा अल्टरनेटर बसवणे हेच उपाय उरतात.

पुनर्ध्रुवीकरण

डायनॅमो बराच काळ पडून राहिल्यास, दुरुस्त होऊन आल्यास किंवा मोटारीची अर्थची बाजू बदलल्यास अवशिष्ट चुंबकत्वाची दिशा पुन्हा ठरवावी लागते. ल्युकास डायनॅमोत ‘एफ’ची तार सोडवून, बॅटरीच्या जिवंत अग्रापासून आणलेली तार ‘एफ’ अग्राला क्षणभर दोन-तीन वेळा टेकवतात. काही अमेरिकी मोटारींत क्षेत्र-कुंडलीची जोडणी वेगळ्या प्रकारची असल्याने तेथे ही कृती निराळी असते. चुकीची कृती केल्यास नियंत्रक जळतो.

अल्टरनेटर असलेल्या मोटारी

अल्टरनेटरमध्ये प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण होतो व डायोडांमार्फत तो एकदिश केला जातो. डायोड उलटा प्रवाह अडवत असल्याने कटआउटची गरज नसते. मंद गतीवरही तो उपयुक्त प्रवाह देतो. इंजिन मध्यम गतीवर असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दाब मिळाल्यास प्रभारण सामान्यतः योग्य असते. एखादा डायोड निकामी झाल्यास उत्पादन घटते, तर गळका डायोड उभ्या मोटारीची बॅटरी रात्रभरात उतरवतो. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा चुंबकन प्रवाह इशारादिव्यातून मिळतो. त्यामुळे डायनॅमोच्या उलट, येथे बल्ब गेल्याने प्रभारणच सुरू न होण्याची शक्यता असते.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून ‘मोटार बंद पडते का’ हे पाहण्याची जुनी पद्धत घातक आहे. बॅटरीचा आधार सुटताच दाब एकदम उसळतो व डायोड जळतात. डायनॅमोच्या मोटारीतही याने बल्ब व नियंत्रक यांना धोका पोहोचतो.

भारतातील संदर्भ

मॉरिस ऑक्सफर्ड मालिका ३वर आधारलेली हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर आणि मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली फियाट ११००, म्हणजे पुढील काळातील प्रीमियर पद्मिनी, या भारतात सर्वाधिक जपल्या जाणाऱ्या जुन्या मोटारी आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डायनॅमो आढळतो. ल्युकास-टीव्हीएस ही १९६१मध्ये स्थापन झालेली कंपनी भारतात मोटारींची विद्युत उपकरणे बनवते.

केंद्र सरकारने २०२१मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी होते आणि अशी वाहने नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीची बॅटरी उष्ण हवेत अधिक वेगाने आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटचे कठीण थर बसतात. म्हणून अशा मोटारींच्या बाबतीत प्रभारण यंत्रणेत दोष शोधण्यापूर्वी मोटार किती दिवस उभी होती, हे विचारात घेणे महत्त्वाचे ठरते.

हेही पहा

• डायनॅमो
• अल्टरनेटर
• शिसे-अम्ल बॅटरी
• प्रीमियर पद्मिनी
• हिंदुस्थान अॅम्बॅसडर